दोन नियमावल्या

शाळेच्या भिंतीवर लावलेल्या नियमांहून निराळी अशी एक नियमावली प्रत्येक वर्गात चालते, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. एखाद्याने फारच उत्तरे दिली की मागच्या बाकांवरून खाकरणे ऐकू येतेच! मोठी माणसे जेथे पोटासाठी राबतात तेथे तरी निराळे काय घडते?

अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनची यंत्रसामग्री बनविणारा एक प्रचंड कारखाना होता. तेथे नोव्हेंबर १९३१ पासून १४ कामगारांस स्वतंत्र खोलीत बसवून त्यांचे वर्तन न्याहाळण्यात आले. ९ जण तारा जोडीत, ३ जण जोडांस डाक देत, २ तपासनीस होते. मजुरी सर्वांच्या एकंदर कामावर ठरे. अर्थात काम वाढल्यास प्रत्येकाच्या पदरी अधिक पडावे, अशी चालकांची योजना होती.

परंतु दिवसाकाठी दोन संच झाले की पुरे, असा त्या मंडळींचा अलिखित दंडक होता. जो अधिक हात चालवी त्यास ते नावे ठेवीत, प्रसंगी दंडावर गुद्दाही लगावीत. फार मागे राहणाराही त्यांस खपत नसे, आणि वरिष्ठांकडे चुगली करणारा तर मुळीच नाही. एखाद्या दिवशी काम जास्त झालेच, तर ते कमी सांगून दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर टाकीत. आपसांत कामाची अदलाबदल करू नये, हा कारखान्याचा नियम होता. तोही सर्रास मोडला जाई. मुकादमास हे सर्व ठाऊक होते, पण तो कानाडोळा करी. त्यास याच माणसांकडून काम करून घ्यावयाचे होते ना!

हा आळस म्हणावा, तर एक गोष्ट आड येते. ज्याचे काम सर्वांत कमी भरे, तोच बुद्धीच्या परीक्षेत पहिला व हस्तकौशल्यात तिसरा होता. गुणपत्रक पाहून मुलाचे भविष्य वर्तविणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

मग कारण काय? अधिक काम केल्यास दर उतरेल, किंवा कोणास तरी घरी बसावे लागेल, असे कामगार म्हणत. रोथलिसबर्गर व डिक्सन यांनी १९३९ साली या निरीक्षणांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांस ही भीती तर्कशुद्ध वाटली नाही. आम्हांस मात्र ती निराधार वाटत नाही. ते दिवस जागतिक मंदीचे होते. आणि मे १९३२ मध्ये ती खोली बंद झाली, ती कारखान्यात पुरेसे काम उरले नाही म्हणूनच.