प्रेमाचा घास

मुलांनो, पुण्याहून रेल्वेने मुंबईकडे निघालात, की मावळ तालुक्यातील भाताची खाचरे दिसू लागतात. पुढे लोणावळा येते. तेथील चिक्की सर्वांना ठाऊक आहे. तुम्ही ती घरी आणता. अम्मी-अब्बांना देता, भावंडांना देता. पिंजऱ्यातला हॅमस्टर तुमच्याकडे टकमक पाहत असतो. तुम्हांला वाटते, यालाही एक तुकडा द्यावा. थांबा! तो तुकडा देऊ नका.

हॅमस्टर हा उंदरासारखा, आखूड शेपटीचा लहान प्राणी आहे. त्याच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. मिळालेला दाणा तो गालांत भरतो आणि घरट्यात नेऊन साठवतो. चिक्कीतला चिकट गूळ या पिशवीत अडकून बसतो. मग तिथे जखम होते आणि त्याला खाता येत नाही.

शाम देशातील हलब शहराजवळ १९३० साली एका बिळातून एक मादी व तिची पिल्ले पकडण्यात आली. आज घरोघरी पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्यांचेच वंशज आहेत. कोरड्या माळावर दाणे व बिया खाणाऱ्या या प्राण्याला आपले गोड व तेलकट पदार्थ कसे पचणार?

आता थोडे गणित करा. हॅमस्टरचे वजन १२० ग्रॅम आणि तुमचे ३६ किलो असेल, तर तुम्ही त्याच्या ३०० पट आहात. १० ग्रॅम चिक्की त्याला देणे म्हणजे तुम्हांला एकदम ३ किलो चिक्की देणे!

मग त्याला काय द्यावे? हॅमस्टरचे तयार खाद्य रोज द्यावे. त्याबरोबर थोडी बाजरी किंवा ज्वारी चालते. कधीतरी धुतलेल्या काकडीचा किंवा गाजराचा नखाएवढा तुकडा, बिनमिठाच्या भाताची दोनचार शिते किंवा उकडलेल्या अंड्याचा कण द्यावा. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा. चॉकलेट, कांदा, लसूण, कच्चा बटाटा, लिंबू, संत्रे, लोणचे आणि फरसाण मुळीच देऊ नये. ईदचा शीरखुर्माही नको. जुलाब झाले, तर लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. इतक्या लहान जिवाला उशीर सोसत नाही.

लोणावळ्यात पावसाळा फार मोठा. दमट हवेत दाण्यांना बुरशी येते. म्हणून खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. हॅमस्टरने लपवलेला ओला तुकडा सकाळी काढून टाकावा. पाणी रोज बदलावे.

खंडाळ्याच्या घाटातील माकडांनाही पर्यटक हौसेने चिक्की आणि वेफर देतात. मग माकडे रस्त्यावर येतात, हातातल्या पिशव्या ओढतात आणि गाड्यांखाली सापडतात. घास देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्रास मुक्या जिवाला होतो. म्हणून घास देण्यापूर्वी विचारा, 'हे मला आवडते. पण त्याला पचेल का?'

शब्दार्थ
खाचर – भाताचे बांध घातलेले शेत
वंशज – पुढच्या पिढ्यांतील संतती
शीत – शिजलेल्या भाताचा दाणा
दमट – ओलसर

स्वाध्याय
१. हॅमस्टरला चिक्की का देऊ नये?
२. पावसाळ्यात हॅमस्टरच्या खाद्याची काळजी कशी घ्यावी?
३. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका पाळीव प्राण्याला काय खायला देतात, ते पाच वाक्यांत लिहा.