निळे भूछत्र : ओळख व दक्षता

न्यूझीलंडच्या 50 डॉलरच्या नोटेवर ‘एन्टोलोमा होखस्टेटेरी’ या निळ्या भूछत्राचे चित्र आहे. कोकाको पक्ष्याच्या गळ्याजवळील निळ्या पाळ्यांवरून माओरी लोक त्यास ‘वेरेवेरे-कोकाको’ म्हणतात. जंगलातील पालापाचोळ्यात ते उगवते. छत्री शंकूसारखी, सुमारे 4 सेंटिमीटरपर्यंत रुंद. देठ बारीक व तंतुमय. पापुद्र्यांवर तांबूस झाक. मात्र केवळ रंगावर विसंबू नये. छत्री पापुद्रे खाली करून पांढऱ्या कागदावर झाकून रात्रभर ठेवल्यास बीजाणूंचा गुलाबी ठसा उमटतो. निळा रंग व हा ठसा दोन्ही जुळले पाहिजेत.

रंग ही विषाची कसोटी नव्हे. प्राणघातक ‘डेथ कॅप’ फिकट हिरवटच असते. पावसाळ्यात आपल्याकडेही रानभूछत्रे खुडली जातात. अनोळखी भूछत्र शिजवू नये, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावोगाव पटवून द्यावे.