कडकनाथ : पहिल्या अंड्यापर्यंतचा हिशोब

कोंबडीपालन हा आपल्या समाजाला परका धंदा नाही. चिकनचे दुकान चालवणारे बांधव गावोगावी आहेत, आणि यंत्रमाग किंवा हातकामावर पोट असलेल्या अनेक घरांच्या परसात आजही चार कोंबड्या दिसतात. गेल्या काही वर्षांत कडकनाथचे नाव ऐकून पुष्कळ बांधव या जोडधंद्याकडे वळले. काहींना त्यात बरकत मिळाली, काहींनी पाच महिन्यांतच पक्षी विकून टाकले. असे विकून टाकण्यामागे बहुधा एकच कारण असते. पिल्ले आणण्याचा खर्च मोजलेला असतो, पण पहिले अंडे पडेपर्यंतचा खर्च मोजलेला नसतो. हा लेख त्या मधल्या काळासंबंधी आहे.

ही जात कोणती?

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर आणि धार भागातला. तिथले भिल्ल आणि भिलाला आदिवासी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. कातडी, मांस आणि हाडांवरचे आवरणसुद्धा काळे, म्हणून त्याला ‘कालीमासी’ असेही म्हणतात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणून आपल्याकडे वाढवलेला पक्षी विकताना त्याला ‘झाबुआचा’ म्हणू नये. दुसरी गोष्ट, कडकनाथचे अंडे काळे नसते. ते फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचे असते. काळे अंडे दाखवून कोणी भाव सांगत असेल, तर तो फसवतो आहे असे समजावे.

आकडे काय सांगतात?

इज्जतनगर (बरेली) येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार कडकनाथ २० आठवड्यांचा झाला की त्याचे वजन सरासरी ९२० ग्रॅम भरते. मादी सुमारे १८० दिवसांनी अंड्यावर येते आणि वर्षाला साधारण १०५ अंडी देते. असील ही आपली दुसरी जुनी जात. तिला १९६ दिवस लागतात आणि वर्षाची अंडी ९२ च्या आसपास असतात. पोल्ट्रीतली संकरित लेयर कोंबडी १८ ते २० आठवड्यांतच अंड्यावर येते व वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. जुन्या जातीचा भाव जास्त असतो, त्याबरोबर तिला लागणारा वेळही जास्त असतो.

आता १०० पिल्लांचा हिशोब करू. एका दिवसाची पिल्ले नर-मादी न निवडता मिळतात. समजा १० मेली. उरलेल्या ९० पैकी अंदाजे निम्म्या, म्हणजे ४५ तलंगा. त्यांची वर्षाची अंडी ४५ गुणिले १०५, म्हणजे ४,७२५. दिवसाला सरासरी १३ अंडी पडली. ‘शंभर कोंबड्या, रोज शंभर अंडी’ असे मनात धरणाऱ्याने हा आकडा लिहून ठेवावा.

खाद्याकडे पाहू. नुसत्या तयार खाद्यावर वाढवल्यास सहा महिन्यांत एका पक्ष्यामागे आठ ते दहा किलो खाद्य धरून चालावे. ९० पक्ष्यांना सुमारे ८०० किलो झाले. आपल्या गावच्या भावाने याचा गुणाकार करावा. त्यात पिल्लांची किंमत, लस, तूस आणि वीज मिळवावी. ही रक्कम हाताशी असेल तरच पिल्ले आणावीत. जास्तीचे नर पाचव्या महिन्यापासून विकता येतात. अंड्यांसाठी पैदास करायची असेल तर आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो. बाकीच्या नरांच्या विक्रीतून तलंगांचा शेवटचा महिना निभावतो.

सहा महिने काय करावे?

१) पहिला आठवडा पिल्लांना ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी व दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत जावी. पिल्ले दिव्याखाली एकावर एक गोळा झाली तर ऊब कमी पडते आहे. दिव्यापासून दूर पळून चोची उघडून बसली तर ऊब जास्त आहे.

२) राणीखेत, म्हणजे मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्यावी. गंबोरो साधारण चौदाव्या दिवशी, देवीची लस सहाव्या आठवड्यात आणि राणीखेतची ‘आर-टू-बी’ लस आठ ते दहा आठवड्यांत. नेमके दिवस पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून ठरवून घ्यावेत. लस थंड पेटीतच आणावी.

३) आठ आठवड्यांपर्यंत पिल्लांचे खाद्य, त्यानंतर वाढीचे खाद्य. अंडी लवकर यावीत म्हणून लेयर खाद्य आधीच सुरू करणारे बरेच आहेत. त्या खाद्यात चुन्याचे प्रमाण फार असते व त्याने कोवळ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडाला इजा होते. लेयर खाद्य पहिली अंडी दिसू लागली की सुरू करावे.

४) वाढीच्या काळात जादा दिवे लावू नयेत. अंड्यावर आल्यानंतर नैसर्गिक उजेड व दिवा मिळून १४ ते १६ तास पुरे. हिवाळ्यात वयात येणाऱ्या तलंगा दिवस लहान असल्याने थोड्या उशिरा अंडी देतात. त्याने घाबरून जाऊ नये.

तलंग अंड्यावर आली, हे कसे ओळखावे?

इतर कोंबड्यांत तुरा लालभडक झाला की कळते. कडकनाथचा तुरा काळसर-जांभळा असल्याने रंगावरून फारसे समजत नाही; तो मोठा व टवटवीत झाला का ते पाहावे. पाठीवर हात ठेवताच पक्षी दबून बसतो, कोपऱ्यातल्या पेट्यांत डोकावू लागतो. शेपटीखालच्या दोन हाडांत दोन-तीन बोटे मावू लागली, की अंडे जवळ आले. पहिली काही अंडी लहान असतात. ती उबवायला ठेवू नयेत. कडकनाथ मादी सहसा खुडूक बसत नाही. पिल्ले काढायची तर गावठी किंवा असील कोंबडी ठेवावी, नाहीतर उबवणी यंत्र पाहावे. अंडी २१ दिवसांत फुटतात.

घाईचे दोन रस्ते

पहिला रस्ता व्याजाच्या कर्जाचा. व्याज हराम आहे हे आपण जाणतोच. व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहावे. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो आणि अंडे सातव्या महिन्यात येते. मधले पाच-सहा हप्ते घरखर्चातूनच जातात.

दुसरा रस्ता हमीच्या योजनांचा. अनामत भरा, पिल्ले आम्ही देऊ, अंडी व पक्षी चढ्या भावाने आम्हीच उचलू, अशा कडकनाथ योजनेत पश्चिम महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. २०१९ साली सांगली जिल्ह्यातील एका कंपनीविरुद्ध पोलिसांत तक्रारी झाल्या. भागीदारीत नफा टक्क्यांनी ठरवता येतो व तोटा भांडवलावर पडतो. रकमेवर ठराविक नफ्याची हमी शरीअतला मान्य नाही. जे अंडे अजून पडले नाही, त्याची संख्या व भाव छातीठोकपणे सांगणाऱ्या सौद्यात ‘गरर’, म्हणजे अनिश्चिततेचा धोका असतो. असा करार पुढे आल्यास सही करण्याआधी आलिमांना आणि वकिलांना, दोघांनाही दाखवावा.

मग भांडवल कमी असलेल्याने काय करावे? शंभरऐवजी पंचवीस पिल्लांनी सुरुवात करावी. खाद्याला स्वयंपाकघरातला भाजीपाला व दळणाचा कोंडा जोडावा. दोघा-तिघांनी मिळून भागीदारी करावी व ती कागदावर लिहावी. आठ-दहा आठवड्यांच्या तयार तलंगा घेतल्यास ऊब देण्याचा जोखमीचा काळ टळतो. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत अशा तलंगांचे गट अनुदानावर दिले जात आले आहेत. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

एक वही घालावी. तीत पिल्लांची तारीख, मेलेल्यांची संख्या, दिलेली लस व रोजचे खाद्य लिहावे, आणि १८०वा दिवस पहिल्याच पानावर मांडून ठेवावा. त्या दिवसापर्यंतचा खर्च ज्याने आधी बाजूला काढला, तो सबुरीने थांबू शकतो. इन्शाअल्लाह, त्याची तलंग अंड्यावर येण्याआधी बाजारात जाणार नाही.