‘तुएइ-हुआन-छ्युएन’: काय करावे, काय टाळावे

चिनी शिकणाऱ्याला हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटतो: १९८०च्या दशकातल्या प्रवासवर्णनांत आणि आजच्या मिठाईच्या दुकानात.

काय करावे

- शब्द फोडून वाचावा. ‘तुएइ-हुआन’ म्हणजे बदलून घेणे, वटवणे. ‘छ्युएन’ म्हणजे कुपन.
- तिन्ही अक्षरे चौथ्या सुरात, वरून खाली आपटत म्हणावीत. रोमन लिपीत पहिले अक्षर ‘डी’ने लिहितात, पण उच्चार आपल्या ‘त’च्या जवळचा. त-थ, च-छ हा भेद मराठी कानाला शिकवावा लागत नाही; तेवढी कमाई फुकटची.
- मजकूर १९८० ते १९९४ मधला असेल, तर आधी परकीय चलनाची कुपने आठवावीत. त्यांच्या पूर्ण नावात हाच शब्द होता; बोलताना मात्र त्यांना ‘वाय-हुएइ-छ्युएन’ म्हणत. बँक ऑफ चायनाने ती १ एप्रिल १९८० पासून काढली. पाहुण्याने डॉलर मोडले की हाती साधे युआन नव्हे, ही कुपने पडत. शंभराच्या कुपनावर चीनची भिंत, पन्नासाच्या कुपनावर गुइलिनचे डोंगर. परदेशी पाहुण्यांसाठीच्या ‘फ्रेंडशिप स्टोअर’ या सरकारी दुकानांतला परदेशी माल याच कुपनांवर मिळे, म्हणून स्थानिक लोकही ती मिळवायला धडपडत.

काय टाळावे

- कुपनाचा एक युआन आणि साधा एक युआन सारखाच, असे धरून चालू नये. सरकारी हिशेबात सारखा. काळ्या बाजारात कुपनाला जास्त भाव. त्या काळच्या प्रवासवर्णनांतली निम्मी घासाघीस या फरकावरच चालते.
- कुपनावर १९७९ साल पाहून ते बनावट ठरवू नये. पहिल्या कुपनांवर छापलेले साल तेच आहे.
- ‘छ्युएन’ला ‘च्युएन’ वाचू नये. या दोन उच्चारांची चिन्हे जुळ्या भावांसारखी दिसतात. कुपनाच्या चिन्हात खाली सुरी असते. इथे चिनी माणसेही अडखळतात, तेव्हा लाजू नये.
- ‘यौ-हुएइ-छ्युएन’शी गल्लत नको. ते सवलतीचे कुपन, बिलातून रक्कम वजा करणारे. ‘तुएइ-हुआन-छ्युएन’ दिले की वस्तूच हाती येते. चिनी मध्य-शरद उत्सवाच्या सुमारास मूनकेकची आणि खेकड्यांची अशी कुपने भेट म्हणून फिरतात. मुदत छापलेली असते, ती आधी वाचावी.
- जुनी कुपने खर्चायला म्हणून विकत घेऊ नयेत. १ जानेवारी १९९५ पासून ती व्यवहारातून बाद आहेत.