भर समुद्रात निरोप कसा पोचतो?

मोबाईलचा निरोप हवेतून येतो. त्याला तार लागत नाही. पण किनाऱ्यावरचा टॉवर लागतो. होडी जसजशी आत जाते, तसतसा टॉवर मागे पडतो. मग रेंज जाते. इंटरनेट बंद होते. अशा वेळी वादळाची खबर नाखव्याला कोण देणार?

हे काम आकाशातला उपग्रह करतो. तो फार उंच असतो. म्हणून त्याचा निरोप भर समुद्रातही पोचतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सरकारने एक योजना सुरू केली. मासेमारीच्या १ लाख होड्यांवर ट्रान्सपाँडर नावाचे यंत्र बसवायचे, असे तीत ठरले. हे यंत्र इस्रोने तयार केले. त्याच्यावर सिनेमा पाहता येत नाही. पण छोटा निरोप येतो आणि जातो. वादळाचा इशारा मिळतो. संकटात मदत मागता येते.

बंधूंनो, यंत्र निरोप आणील. पण तो वाचायचा आपणच. म्हणून होडीवर निदान दोघांना तरी वाचता आले पाहिजे. इशारा आला की जाळे आवरा, बंदर गाठा. मासळी उद्याही मिळेल.