मागच्या तारखेची समिती

प्रश्न : उधन्यात माझा एम्ब्रॉयडरीचा कारखाना आहे. पगारपत्रकावर आठ माणसं, शिवाय धागा कटिंगच्या अठरा बायका नगावर येतात. मास्तर अंगचटीला येतो, घाणेरडं बोलतो, असं त्यातल्या एकीने माझ्या पत्नीला सांगितलं. दोघंही आमच्याकडचेच, धुळ्याचे. ओळखीचे एकजण म्हणतात, दहाच्या आत माणसं आहेत, कायदा लागू नाही. फार तर मागच्या तारखेची समिती दाखवा, पत्नीला अध्यक्ष करा आणि आठवड्यात मास्तरला काढा. की तिच्या नवऱ्याला रक्कम देऊन स्टँप पेपरवर लिहून घेऊ? चार दिवस ती कामावर आलेली नाही.
— एक कारखानदार, सुरत

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य पत्रात पहिलं यायला हवं होतं. मास्तर कामावर आणि तक्रार करणारी घरी, तेही नगावरची बाई, म्हणजे रोजची कमाई बुडते आहे. तुम्हाला पोलिसांची आणि गावकीची धास्ती आहे, हे कळतं. पण ती उद्या निर्धास्त कामावर कशी येईल, हे तुम्ही विचारलंच नाही.

कायदा तुम्हाला लागू आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नगावरचे, रोजंदारीचे, कंत्राटी सगळेच कर्मचारी धरले जातात. म्हणजे त्या अठरा बायका धरून तुम्ही दहाच्या बरेच पुढे आहात.

स्टँप पेपर विसरा. समेट फक्त तिने मागितला तरच, आणि पैशाच्या बदल्यात कधीच नाही. नवऱ्याचा तर इथे संबंधच नाही.

आता मागच्या तारखेचं. हा सल्ला मिळालेले मालक मी पाहिले आहेत आणि त्यांची पुढची वर्षं कशी गेली तेही पाहिलं आहे. अशा तक्रारींची चौकशी करणारी समिती नसल्याचा दंड ५०,००० रुपयांपर्यंत आहे. खोटा कागद हा वेगळा फौजदारी गुन्हा आहे. तुमची नेमणूक कधी झाली, एवढं समितीतल्या बाहेरच्या सदस्याला उलटतपासणीत विचारलं की सगळा डोलारा कोसळतो. आठवड्यात उरकलेल्या चौकशीवर मास्तर कामगार न्यायालयात जाईल. मागच्या पगारासह तो परत आला, तर त्याच मशीनच्या बाजूला त्या बाईने बसायचं का?

गोवा विद्यापीठाचं प्रकरण वाचा. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली, २०१० मध्ये तो बडतर्फ झाला. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, कारण समितीने घाईघाईत बैठका घेऊन त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. चौकशी पुन्हा मधल्या टप्प्यावर आली. तो निर्दोष आहे, असं न्यायालय म्हणालं नाही. पण मुलींची १४ वर्षं गेली. घाईचा भुर्दंड तक्रार करणारीलाच बसतो.

म्हणून समिती आजच नेमा आणि तारीख आजचीच घाला. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी हवी. पत्नी कारखान्यात नोकरीला नसेल तर ती चालणार नाही. किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, एक बाहेरचा, महिला संस्थेतला किंवा विषय जाणणारा. निम्म्या तरी बायका. बाईला लिहिता येत नसेल तर सदस्यांनी तिच्याच शब्दांत, अहिराणीत बोलली तर अहिराणीत, उतरवून घ्यायचं. तक्रारीला शेवटच्या घटनेपासून तीन महिने असतात. मास्तरला सात कामकाजाच्या दिवसांत प्रत, उत्तराला दहा, चौकशीला ९० दिवस. वकील कोणाचाच नाही. समितीवर विश्वास नसेल तर तिला पोलिसांत जाता येतं. तेव्हा तिला मदत करणं हे तुमचं कर्तव्य आहे, अडवणं नव्हे.

दरम्यान तिने लेखी मागितलं तर समितीच्या शिफारशीने मास्तरला दुसऱ्या पाळीत हलवा किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा द्या. रजेचे पैसे तिच्या आधीच्या कमाईची सरासरी काढून द्या. आणि कारखान्यात कॅमेरे असतील तर त्या दिवसांचं रेकॉर्डिंग आज संध्याकाळपर्यंत वेगळं काढून ठेवा. बहुतेक यंत्रं जुनं पुसून त्यावरच नवं भरतात.