बंदिवासातील एक संगीतसभा

विद्येचा उपयोग काय, हा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. संगीताविषयी तर तो हटकून विचारला जातो. कारण परीक्षेत त्यास गुण नाहीत आणि पुढे त्यावर चरितार्थ चालेल असा भरवसाही नाही. ह्या प्रश्नास तर्काने उत्तर देण्यापेक्षा एका घडलेल्या प्रसंगाचा विद्यार्थ्यांसह अभ्यास करावा, हे आम्हांस अधिक इष्ट वाटते. तो प्रसंग म्हणजे १५ जानेवारी १९४१ रोजी सायंकाळी, जर्मनीतील गॉर्लिट्झ गावाजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत झालेली चार वादकांची संगीतसभा होय.

प्रथम संगीताचा प्रकार समजून घेऊ. पाश्चात्य संगीतात ‘चेंबर म्युझिक’ नावाचा एक प्रकार आहे. चेंबर म्हणजे दालन; राजवाड्यातील किंवा घरातील दालनात थोड्या श्रोत्यांपुढे वाजवावयाचे ते दालन-संगीत. मोठ्या वाद्यवृंदात साठ-सत्तर किंवा त्याहूनही अधिक वादक असतात. एकच सुरावट अनेक व्हायोलिनांवर मिळून वाजते, आणि पुढे उभा राहिलेला संचालक हातातील छडीने सर्वांस ताल दाखवितो. दालन-संगीतात वादक मोजके असतात, प्रत्येकाची ओळ निराळी असते आणि बहुधा संचालक नसतो. ऑस्ट्रियाचा योझेफ हायडन (१७३२–१८०९) ह्याने दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो अशा चार तंतुवाद्यांच्या चतुष्कास घडीव रूप दिले, व बेथोव्हेनने त्याची उंची वाढविली.

आपल्या मैफलीत गवई मुख्य, आणि तबलजी व सारंगिये त्याचे साथीदार असतात. चतुष्कात असा कायमचा मुख्य कोणी नाही. आता एकाने पुढे यावे, आता त्यानेच मागे सरून दुसऱ्यास वाट द्यावी. एकाने श्वास घेतला की तो तिघांनी ओळखावयाचा. म्हणून ह्या वादकांच्या शिक्षणाचा अर्धा भाग बोटांचा असला तरी उरलेला अर्धा कानांचा असतो. स्वतःचे वाजवीत असता इतरांचे ऐकत राहणे, ही ह्या विद्येची खरी कसोटी होय.

आता वादकांकडे वळू. ऑलिव्हिये मेसियाँ हा १९०८ साली जन्मलेला फ्रेंच संगीतरचनाकार. पॅरिसच्या प्रसिद्ध संगीतविद्यालयात त्याचे शिक्षण झाले, आणि १९३१ पासून तो त्याच शहरातील त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात दाखल झाला. तेथे त्यास एत्येन पास्किये हा चेलोवादक व आँरी आकोका हा क्लॅरिनेटवादक भेटले. पास्किये आपल्या दोघां भावांसह वाजविणाऱ्या त्रयीमुळे आधीच नावाजलेला होता. पहाटेच्या पहाऱ्यावर असता मेसियाँ पक्ष्यांचा किलबिलाट कान देऊन ऐके. हा छंद त्यास जन्मभर पुरला. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि हे तिघेही शत्रूच्या हाती सापडले. नान्सी शहराजवळच्या उघड्या मैदानात हजारो कैद्यांबरोबर त्यांस ठेविले होते. तेथे आकोकाजवळ त्याचे क्लॅरिनेट होते, आणि मेसियाँने त्याच्याकरिता एक एकल रचना लिहिली. कागद धरावयास दुसरे साधन नसल्यामुळे पास्कियेने तो हाती धरला, व आकोकाने ती रचना प्रथमच वाजवून पाहिली.

पुढे छावणीत झाँ ल बूलेर हा व्हायोलिनवादक त्यांस मिळाला. कैद्यांनी आपसांत वर्गणी काढली, आणि पास्कियेस पहाऱ्यात गावातील दुकानी नेऊन एक चेलो विकत आणिला. एक जुना उभा पियानोही मिळाला; त्याचे सूर उतरलेले होते व दाबलेल्या पट्ट्या पुष्कळदा वर येत नसत. फ्रेंच जाणणारा कार्ल-आल्बेर्ट ब्रुल नावाचा जर्मन पहारेकरी मेसियाँस संगीतलेखनाचा कागद व पेन्सिली पुरवीत असे, आणि त्यास निवांत बसून लिहिता यावे अशी तजवीज करी. शत्रुपक्षाच्या गणवेशातही सहृदय मनुष्य असू शकतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

अशा रीतीने जी रचना तयार झाली, तिचे नाव ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो व पियानो हा मेळ शास्त्राने ठरविलेला नव्हे. जे वादक हाती होते त्यांचाच तो मेळ. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायात, मस्तकी मेघधनुष्य धारण केलेला देवदूत एक पाय समुद्रावर व एक भूमीवर ठेवून शपथ वाहतो. त्या दर्शनावरून मेसियाँस ही कल्पना सुचली. रचनेचे भाग आठ असून ती वाजविण्यास सुमारे पन्नास मिनिटे लागतात. आठांपैकी चार भागांतच चौघे एकत्र वाजवितात. एका भागात केवळ क्लॅरिनेट, एकात पियानोवाचून तिघे, एकात चेलो व पियानो, आणि शेवटच्या भागात व्हायोलिन व पियानो. सहाव्या भागात मात्र चौघेही आरंभापासून अखेरपर्यंत एकच सुरावट वाजवितात. तेथे एकाचा पाऊण मात्रेचा उशीरदेखील लपत नाही.

ह्या रचनेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रभूमीशी जोडलेला आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. तेराव्या शतकात देवगिरीस, म्हणजे हल्लीच्या दौलताबादेस, यादव राजा सिंघण ह्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला व त्यात एकशेवीस देशी ताल नोंदिले. ही यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली होती व मेसियाँने तिचा कसून अभ्यास केला. चतुष्काच्या पहिल्या भागात पियानोचा ठेका रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश ह्या तीन तालांचा मिळून केलेला आहे.

येथे गणिताच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. त्या ठेक्यात लहानमोठे असे १७ कालखंड आहेत; पण त्यांवर बसविलेले स्वरसमूह २९ आहेत. ठेका सतरा आघातांनी पुन्हा आरंभी येतो. त्या वेळी स्वरसमूह अठरावा चालू होतो. स्वरसमूहांची माळ संपते तेव्हा ठेका मध्येच कोठेतरी असतो. १७ व २९ ह्या दोन्ही मूळ संख्या असल्यामुळे त्यांचा लघुतम साधारण विभाज्य १७ × २९, म्हणजे ४९३ होतो. तितके आघात झाल्यावाचून दोघांची सम पुन्हा एकत्र पडावयाची नाही. आणि हा भाग तर त्याच्या पुष्कळच आधी थांबतो. अर्थात जे वर्तुळ आपण ऐकतो ते पुरे होतच नाही. काळाच्या अंताची कल्पना केवळ शब्दांनी न सांगता ती तालातच गुंफण्याची ही युक्ती आहे. सातशे वर्षांपूर्वी देवगिरीस नोंदिलेले ताल परक्या देशातील बंदिवानाच्या अशा उपयोगी पडले.

सभेच्या दिवशी बाहेर बर्फ होते व आत थंडी होती. मेसियाँने रचनेविषयी चार शब्द सांगितले आणि मग वादन झाले. श्रोत्यांत नाना धंद्यांचे कैदी होते व पुढच्या रांगेत जर्मन अधिकारी होते. ते नवे संगीत सर्वांस समजले असे नव्हे. परंतु आपले संगीत इतक्या एकाग्रतेने पुन्हा कधी ऐकिले गेले नाही, असे मेसियाँ पुढे सांगत असे.

अभ्यासकाने एक सावधगिरी मात्र बाळगावी. चेलोस तीनच तारा होत्या व श्रोते पाच हजार होते, असेही मेसियाँ सांगे. पास्कियेने ह्यास स्पष्ट नकार दिला: आपल्या चेलोस चारही तारा होत्या, व त्या बराकीत चारशेच्या आसपास माणसे मावत. आम्हांस पास्कियेची साक्ष ग्राह्य वाटते. कारण तीन तारांवर ही रचना नीट वाजविणे शक्य नाही, हे ज्याने ती वाजविली तोच उत्तम जाणणार. प्रसंग खरोखर थोर असला म्हणजे त्यास अतिशयोक्तीचा अलंकार लागत नाही.

पुढे १९४१ च्या आरंभी मेसियाँ व पास्किये सुटले. त्याकामी ब्रुलने बनावट कागदपत्रांचे साहाय्य केले. आकोकाने त्याच वर्षी चालत्या आगगाडीतून, क्लॅरिनेट काखेत धरून, उडी टाकिली व तो निसटला. ल बूलेरने युद्धानंतर व्हायोलिन सोडून नटाचा व्यवसाय पत्करिला. मेसियाँ ज्या विद्यालयात शिकला तेथेच शिक्षक झाला व १९९२ साली वारला. छावणीची जागा आता पोलंडच्या हद्दीत आहे. तेथे स्मारक उभारिले असून १५ जानेवारीस ही रचना तेथे वाजविली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ह्या चौघांस पकडले तेव्हा त्यांचे घर, स्वातंत्र्य व मिळकत ही सर्व गेली. पण वर्षानुवर्षे पहाटे उठून केलेला रियाज कोणत्याही झडतीत सापडला नाही व म्हणून जप्तही झाला नाही. तो बोटांत, कानांत व स्मरणात होता. अर्थात विद्येने त्यांस भाकरी दिली नाही किंवा तुरुंगाचे दारही उघडले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिने दिले ते एवढेच की, शेकडो भुकेली माणसे एका रात्री पन्नास मिनिटे कैद्यांप्रमाणे न बसता श्रोत्यांप्रमाणे बसली. एवढ्यास उपयोग म्हणावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही मात्र पुढील वर्षीही वर्गात हा प्रश्न निघाला, म्हणजे हीच हकीकत सांगू.